पोस्टमधून निघणारा माग

अकोल्याकडच्या बार्शीटाकळीच्या रेल्वे स्टेशनवर उभं राहून कुणी मित्राबरोबर सेल्फी काढला आणि इन्स्टाग्रामवर टाकला, असं धरून चला. खाली गावाचं नाव नाही, तारीख नाही. दोन हसरे चेहरे आणि मागे पिवळ्या पाटीचा एक तुकडा, एवढंच. आता हाच फोटो वाचता येणाऱ्या माणसापुढे ठेवा. पिवळ्यावर काळी अक्षरं आणि त्यांत मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन ओळी, म्हणजे स्टेशन बहुधा महाराष्ट्रातलं. पाटीच्या तळाशी समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते; नावाचं अक्षरही दिसलं नाही आणि नुसता तो आकडा दिसला, तरी देशातल्या हजारो स्टेशनांमधून मोजकीच उरतात. बाजूला उभ्या मोटरसायकलच्या नंबरात एमएच ३० असेल तर गाडी अकोल्यात नोंदलेली. २७ म्हणजे अमरावती, २८ बुलडाणा, २९ यवतमाळ, ३७ वाशीम.

यापुढची गोष्ट मला सगळ्यांत थक्क करते, ती म्हणजे सावली. बार्शीटाकळी साडेवीस अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर आहे आणि कर्कवृत्त त्याच्याही उत्तरेला, साडेतेवीस अंशांजवळ. त्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत भरदुपारी सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. उरलेलं सारं वर्ष ती उत्तरेला पडते. म्हणजे फोटोतली इमारत ओळखू आली, दिशा कळल्या, तर माणसाच्या पायाशी पडलेली भरदुपारची सावलीच फोटो त्या दिवसांतला की उरलेल्या वर्षातला हे सांगते. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं, आपण मात्र ७७ अंशांच्या आसपास. म्हणून इथे सूर्य माथ्यावर यायला घड्याळात बारा वाजून वीस-बावीस मिनिटं व्हावी लागतात, ऋतूप्रमाणे थोडं मागेपुढे. ठिकाण आणि तारीख माहीत असेल तर सावलीची लांबी मोजून फोटोची वेळ काढता येते. शोधकाम करणारी माणसं हे आज खरोखर करतात. त्यासाठी लागणारी सूर्याची गणितं मोबाइलवर फुकट मिळतात.

हे सगळं कुतूहलापुरतं राहत नाही, कारण कधीतरी त्या दोन चेहऱ्यांपैकी एक घरी परत येत नाही.

माणूस हरवल्याची खबर द्यायला ठाण्यात गेलं की वर्णन लिहून घेतात. वय, उंची, बांधा, रंग, अंगात काय होतं, पायात काय होतं, कोणती भाषा बोलतो. ‘मिसिंग’ दाखल होते. सांगणारा हादरलेला असतो. शर्ट निळा होता की राखाडी, यावर घरातच दोन मतं पडतात. आणि ज्या फोटोवरून सगळा शोध चालणार, तो पुष्कळदा लग्नातला, नाहीतर आधारकार्डावरचा. रोज गावात वावरताना तो माणूस जसा दिसतो, तसा त्यात दिसतच नाही.

पोस्ट मात्र त्याने स्वतः टाकलेली असते. कुणी आपला माग काढणार आहे हे मनातही नसताना टाकलेली असते. म्हणून तिच्यात तो खरा सापडतो: कुठल्या टपरीवर बसतो, कुणाच्या गाडीवर मागे बसतो, कोणत्या नव्या नावाला गेले काही दिवस रोज लाइक देतो, रात्री किती वाजेपर्यंत जागा असतो. आईवडिलांना माहीत नसलेली मैत्री तिथे दिसते. शोधाच्या दृष्टीने चेहऱ्याइतकंच मोल चेहऱ्यामागच्या भिंतीला, पाटीला आणि झाडाला असतं, असं माझं ठाम मत आहे.

लोकांना वाटतं, फोटोतच जागा लिहिलेली असते, पोलिसांनी बटण दाबलं की झालं. अर्धं खरं आहे. मोबाइलमध्ये लोकेशन चालू असेल तर कॅमेरा मूळ फोटोच्या पोटात अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ आणि फोनचं मॉडेल नोंदवून ठेवतो. पण तोच फोटो व्हॉट्सअॅपवर साध्या पद्धतीने पाठवला किंवा फेसबुक-इन्स्टाग्रामवर टाकला की ती नोंद पुसली जाते. समोरच्याला उरतं ते फक्त चित्र. मूळ नोंद हवी तर मूळ फाइल हवी: फोनमधली, गुगल फोटोजमधली, किंवा व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलेली. हरवलेल्या मुलाचा शेवटचा फोटो शोधताना घरचे नेमकं उलट करतात. ते फोटोचा स्क्रीनशॉट काढून पाठवतात, त्याचा पुन्हा स्क्रीनशॉट निघतो, आणि ठाण्यात पोचेपर्यंत पाटीवरची अक्षरं विरघळलेली असतात.

अॅप चालवणाऱ्या कंपनीकडे मात्र आणखी काही असतं. खातं कोणत्या वेळी, कोणत्या आयपी पत्त्यावरून उघडलं गेलं याची नोंद. इथेही एक मेख आहे. मोबाइल इंटरनेटवर एकच आयपी पत्ता एकाच वेळी शेकडो फोन वापरत असतात. त्यातला आपला फोन वेगळा काढायला सेकंदापर्यंत अचूक वेळ आणि पोर्ट क्रमांक लागतो. कंपनीने दिलेली वेळ जागतिक प्रमाणवेळेत असली तर तिच्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. हे विसरलं तर रात्री साडेअकराची हालचाल संध्याकाळी सहाची वाटते आणि शोध भलत्याच एसटी स्टँडवर जातो. शिवाय या नोंदी कायम राहत नाहीत. फेसबुक-इन्स्टाग्रामची मेटा कंपनी पोलिसांच्या विनंतीवरून खात्याची नोंद ९० दिवस गोठवून ठेवते, पुढची कायदेशीर कागदपत्रं तेवढ्यात पोचावी लागतात. जिवाला धोका असेल तर तातडीने माहिती मागायची वेगळी वाट आहे, ती पोलिसांनाच खुली आहे.

घरच्यांच्या हातात असतात त्या टिका. व्हॉट्सअॅपवर एक टिक म्हणजे निरोप तिकडच्या फोनपर्यंत गेलेला नाही. दोन टिका म्हणजे पोचला. चार दिवस एकच टिक असलेला निरोप पाचव्या दिवशी दोन टिकांचा झाला, तर तो फोन नेटवर्कवर आलेला असू शकतो. ती वेळ तिथल्या तिथे लिहून ठेवावी आणि तपास करणाऱ्या अंमलदाराला सांगावी. मात्र हरवलेल्याचं व्हॉट्सअॅप घरच्या लॅपटॉपवर जोडलेलं असेल तर लॅपटॉप उघडल्यानेही दुसरी टिक येते, एवढं आधी तपासून घ्यावं.

आपल्या रेल्वेलाइनीशी जोडलेली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. अकोल्याहून बार्शीटाकळीवरून वाशीम, हिंगोली, पूर्णेकडे जाणारी ही लाइन पूर्वी मीटरगेज होती आणि तिचं दुसरं टोक अकोट आणि मेळघाटातला धुळघाट ओलांडून खांडव्याला पोचायचं. त्या खांडव्यातल्या गणेश तलाई वस्तीतला पाच वर्षांचा मुलगा १९८६ साली थोरल्या भावाबरोबर बुऱ्हाणपूर स्टेशनवर आला, बाकावर झोपला, जागा झाल्यावर भाऊ दिसेना म्हणून समोरच्या रिकाम्या डब्यात चढला. डबा थेट कोलकात्याला गेला. मुलाला आडनाव माहीत नव्हतं, गावाचं नाव धड सांगता येत नव्हतं. १९८७ साली ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाच्या एका दाम्पत्याने त्याला दत्तक घेतलं. तो सरू ब्रायर्ली.

पंचविशी ओलांडल्यावर तो गुगल अर्थवर रात्र रात्र भारतातले रूळ तपासू लागला. कोलकात्यातून निघणाऱ्या लाइनींवरून मागे मागे जायचं आणि प्रत्येक स्टेशनाजवळ थांबून पाहायचं: आठवते तशी पाण्याची टाकी आहे का, रुळांवरून जाणारा पूल आहे का. २०११ साली त्याला बुऱ्हाणपूर सापडलं आणि त्यावरून खांडवा. पण उपग्रहाचं चित्र वस्तीचं नाव सांगत नाही. ते सांगितलं फेसबुकने, म्हणजे खरं तर फेसबुकवरच्या खांडव्याच्या लोकांनी. ‘खांडवा माय होम टाऊन’ नावाच्या ग्रुपवर त्याने विचारलं, शहराच्या वरच्या उजव्या बाजूच्या वस्तीचं नाव काय? उत्तर आलं, गणेश तलाई. फेब्रुवारी २०१२ मध्ये तो आईसमोर उभा राहिला. आई त्याच वस्तीत राहत होती. मुलगा परत येईल या भरवशावर ती तिथून हललीच नव्हती.

उपग्रह, हार्ड डिस्क, हजारो किलोमीटर रूळ, या सगळ्यांनी त्याला गल्लीच्या तोंडापर्यंत आणलं. शेवटचं पाऊल मात्र गावात राहणाऱ्या आणि गावाची माहिती असणाऱ्या माणसामुळे पडलं. पोस्टची ताकद मला इथे दिसते. ती योग्य डोळ्यांपर्यंत पोचते, आणि ते डोळे कुणाचे हे आधी सांगता येत नाही. पिंजरच्या रस्त्यावरचं एखादं वळण मुंबईच्या सायबर तज्ज्ञाला ओळखू येणार नाही. तिथून रोज दूध नेणारा एका नजरेत सांगेल.

कधी पोस्ट टाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं की आपल्याकडे काय आहे. २०२१ साली अमेरिकेत गॅबी पेटिटो ही २२ वर्षांची तरुणी भटकंतीत बेपत्ता झाली. एक कुटुंब आपल्या प्रवासाचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकत असे. त्यांनी २७ ऑगस्टचं आपलं जुनं चित्रण पुन्हा तपासलं, तर ग्रँड टेटन भागात रस्त्याच्या कडेला उभी असलेली तिची पांढरी व्हॅन त्यात क्षणभर दिसत होती. त्यांनी ते पोलिसांना दिलं, लोकांपुढेही ठेवलं. १९ सप्टेंबरला त्याच परिसरात तिचा मृतदेह मिळाला. जीव वाचला नाही. पण शोध नेमका कुठे करायचा हे समजलं, आणि आईवडिलांना लेक मिळाली.

अकोल्याकडच्या लोकांना याचं मोल सांगायला नको. बार्शीटाकळी तालुक्यातलंच पिंजरचं संत गाडगेबाबा आपत्कालीन शोध व बचाव पथक नदी-धरणांत उतरून बुडालेल्यांचा शोध घेतं. महान गावच्या धरणाचा काठ केवढा लांब आहे ते पाहिलेलं असेल, तर शेवटचा फोटो कुठल्या बाजूने काढला होता, एवढी एक गोष्ट कळल्याने काय फरक पडतो ते लगेच लक्षात येतं.

महाराष्ट्रातलं सगळ्यांत विलक्षण प्रकरण मुंबईचं आहे. अंधेरीच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्यातले सहायक फौजदार राजेंद्र भोसले यांच्याकडे २००८ ते २०१५ या काळात हरवलेल्या १६६ मुलींची यादी होती. त्यांतल्या १६५ शोधल्या गेल्या. उरली ती एक, १६६ क्रमांकाची. जानेवारी २०१३ मध्ये शाळेत जाताना ती नाहीशी झाली तेव्हा ती सात वर्षांची होती. भोसले २०१५ साली निवृत्त झाले, तरी तिचा फोटो जवळ बाळगून शोधत राहिले.

ऑगस्ट २०२२ मध्ये ती सापडली, ती तिच्याच चिकाटीमुळे. नऊ वर्षांनंतर, आपण राहतो त्या घरच्या नाही हे कळून चुकलेल्या त्या मुलीने इंटरनेटवर स्वतःचं नाव शोधलं. २०१३ साली लावलेलं, ती हरवल्याचं पोस्टर तिला दिसलं. जिथे ती मुलं सांभाळायचं काम करत होती, तिथल्या एका कामवाल्या बाईने तिला साथ दिली. पोस्टरवर पाच फोन नंबर होते. चार बंद झालेले. पाचवा लागला. तो तिच्या घराजवळच्या शेजाऱ्याचा होता. व्हिडिओ कॉल झाला आणि आईने तिला ओळखलं. तेव्हा ती ज्या घरात राहत होती, ते तिच्या आईच्या घरापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर होतं.

हे वाचून मी बराच वेळ त्या पाच नंबरांचा विचार करत राहिले. २०१३ साली पोस्टर करणाऱ्याने जागा वाचवायला दोनच नंबर छापले असते तर? शेजाऱ्याने मधल्या वर्षांत स्वस्त प्लॅनसाठी सिम बदललं असतं तर? नऊ वर्षं एक नंबर जिवंत राहिला, आणि इंटरनेटवरचं एक पोस्टर कुणी काढून टाकलं नाही. हरवलेल्याचा शोध आपण घेतो असं आपण मानतो. इथे हरवलेल्या मुलीने शोध घेतला आणि पोस्टर तिची वाट पाहत होतं.

आता दुसरी बाजू, कारण पोस्ट खोटंही बोलते. २०२२ साली वसईच्या एका तरुणीचा दिल्लीत खून झाला. पोलिसांच्या म्हणण्यानुसार तिचा जीव १८ मे रोजी गेला, पण त्यानंतरही तिच्या इन्स्टाग्राम खात्यावरून मैत्रिणी-मित्रांना उत्तरं जात होती. खातं चालू, म्हणजे मुलगी बरी आहे, असा समज महिनोन् महिने राहिला. अखेर मित्राला शंका आली, वडिलांनी वसईत माणिकपूर पोलिसांकडे धाव घेतली. ती २२ मे रोजी निघून गेली असं आरोपी सांगत होता. तिच्या बँक खात्यातला त्यानंतरचा व्यवहार आणि फोनचं ठिकाण त्याला खोटं पाडत होतं. हिरवा ठिपका दिसतो म्हणून माणूस जिवंत आहे असं मानू नये, हा धडा फार महाग पडला.

मग लिहिणारा खरा कोण, हे कसं ओळखायचं? लिहिण्याच्या लकबीवरून. इंग्लंडमध्ये २००५ साली एक तरुणी बेपत्ता झाली आणि तिच्या फोनवरून घरी एसएमएस येत राहिले. भाषातज्ज्ञ माल्कम कूल्थार्ड यांनी ते तिच्या जुन्या एसएमएसशी ताडून पाहिले. एका सर्वनामाचं ती नेहमी प्रमाण रूप लिहायची. नंतरच्या संदेशांत त्याच सर्वनामाचं गावठी रूप येत होतं, आणि ती सवय आरोपीची होती. २००८ साली त्याला शिक्षा झाली. आपल्याकडे तर हे अधिकच सहज ओळखू यावं. जो मुलगा चॅटवर जन्मभर ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’ लिहितो, तो एकदम ‘माझी काळजी करू नका, मी ठीक आहे’ असं शुद्ध लिहू लागला, तर आईच्या काळजात चर्र होतं. ते चर्र होणं पोलिसांना सांगण्याजोगं आहे. लाज वाटून घेऊ नये.

आणि एका पोस्टने जीव घेतल्याचं आपण महाराष्ट्रात पाहिलं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आली आहे या मोबाइलवर फिरणाऱ्या अफवेमुळे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं. त्या वर्षी देशभर असल्या अफवांबरोबर एक व्हिडिओ फिरत होता: मोटरसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरचं मूल उचलून नेतात. तो मुळात कराचीतल्या एका हेल्पलाइनने केलेला जनजागृतीचा व्हिडिओ होता. शेवटी मूल परत आणून देतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. तेवढा भाग कुणीतरी कापून टाकला. हरवलेल्या मुलांसाठी केलेली चित्रफीत माणसं मारायला वापरली गेली. म्हणून तारीख, ठाण्याचं नाव आणि नंबर नसलेली ‘मूल हरवलं’ची पोस्ट पुढे ढकलणं हे पुण्यकर्म नव्हे.

कॅनडात ट्रेस लॅब्स नावाची संस्था आहे. ती जगभरच्या स्वयंसेवकांना एकत्र बसवून हरवलेल्या खऱ्या माणसांचा इंटरनेटवरचा माग काढायला लावते आणि मिळालेलं सगळं पोलिसांकडे देते. त्यांचा एक नियम मला फार महत्त्वाचा वाटतो: फक्त पाहायचं, स्पर्श करायचा नाही. हरवलेल्याला मेसेज करायचा नाही, फ्रेंड रिक्वेस्ट पाठवायची नाही, नातेवाइकांना गाठायचं नाही. कारण हरवलेला प्रत्येक जण हरवलेलाच असतो असं नाही. मारझोडीतून, जबरदस्तीच्या लग्नातून निघून गेलेली सज्ञान मुलगी ‘बेपत्ता’ म्हणूनच नोंदवली जाते. तिचा पत्ता उत्साहाने पोस्टखाली कॉमेंटमध्ये टाकणारा तिला परत त्याच हातांत देतो. पोलीस अशा सज्ञान व्यक्तीचा जबाब घेऊ शकतात आणि ती सुखरूप आहे एवढंच घरी कळवू शकतात. कॉमेंटला ते जमत नाही.

पुढे प्रकरण कोर्टात गेलं तर नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, हेही आपल्याच मराठवाड्यातल्या खटल्याने पक्कं केलं. जालन्याच्या २०१४ च्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात वाद झाला. त्यात निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणाचा पुरावा होता. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितलं की मूळ उपकरण कोर्टापुढे आणता येत नसेल तर अशा प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतंच. आज ती तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. तेव्हा ज्या फोनवर शेवटचा मेसेज आला, तो फोन विकू नये, फॉरमॅट करू नये.

वाचकहो, देव न करो, पण घरातलं कुणी हरवलं तर २४ तास थांबायचा कोणताही नियम नाही. लगेच ठाण्यात जा. १८ वर्षांखालचं मूल असेल तर अपहरण गृहीत धरून गुन्हा नोंदवावा, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्येच सांगितलं आहे. तसा आग्रह धरा. त्याचं खातं बंद करू नका, पासवर्डशी झटापट करू नका, प्रोफाइलची आणि पोस्टची लिंक जशीच्या तशी उतरवून घ्या, मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून द्या. पोस्टर कराल तेव्हा त्यावर तारीख घाला, ठाण्याचं नाव घाला, आणि दोन-तीन नव्हे, वेगवेगळ्या घरांतले पाच नंबर घाला. ते नंबर ज्यांचे आहेत त्यांना सांगून ठेवा की हे सिम बंद पडू द्यायचं नाही. माणूस सापडेपर्यंत पोस्ट काढू नका. आणि सापडला की त्याच दिवशी काढा, ज्यांनी पुढे पाठवली त्यांनाही काढायला सांगा.